रंध्र

झुरळ नाकाने श्वास घेत नाही, कुशीने घेते. छातीला दोन आणि पोटाला आठ अशा भोकांच्या दहा जोड्या. पाठ्यपुस्तकात त्यांना ‘श्वासरंध्रे’ म्हणतात. संस्कृतात रंध्र म्हणजे भोक, फट. त्यावरून उणीव, शत्रूची कच्ची बाजू. कुंडलीतले आठवे, मृत्यूचे घर तेही रंध्रच. शब्दांनी आकडे सांगण्याच्या जुन्या रीतीत रंध्र म्हणजे ९, कारण माणसाच्या देहाला दारे नऊ. (झुरळाला कोणी विचारले नाही.)

‘कच्ची बाजू’ हा अर्थ इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगीने नकळत खरा करून दाखवला. रेशीमकिड्यावरचा त्याचा ग्रंथ १६६९चा. त्याने या भोकांना तेल लावले आणि किडे गुदमरून मेले. तेथून आत गेलेली हवा बारीक नळ्यांनी थेट पेशींपर्यंत पोचते. प्राणवायू वाहण्याचे काम बहुतेक कीटकांत रक्ताकडे नसतेच. झडपा मिटून अंगातले पाणीही राखता येते.

देवमाशाच्या डोक्यावरच्या भोकालाही श्वासरंध्र म्हणतात, पण ते मुळात नाकच, वर सरकलेले. दातवाल्या जातींत एक भोक, बिनदाताच्यांत दोन. तिथे मला ‘नाकपुडी’च बरी वाटते.