उपासाची पावडर

माणसाने आयुष्यात दोन गोष्टींच्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. एक म्हणजे ओळखीच्या माणसाला जामीन राहणं आणि दुसरी म्हणजे पुतण्याने सुचवलेलं औषध घेणं. पहिला धडा बँकेत एकवीस वर्षं काढल्यामुळे मला फुकटात मिळाला. दुसऱ्याला साडेतीन हजार रुपये पडले.

झालं असं, की दिवाळीच्या तोंडावर आमच्या बंड्याने माझ्या पोटाकडे एकदा नीट पाहिलं. बंड्या जिममध्ये जातो. त्यामुळे दुसऱ्याच्या पोटाकडे पाहण्याची त्याची नजर कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे पाहणाऱ्या आमच्या मॅनेजरसारखी झाली आहे.

"काका, तुम्ही कीटोन घ्या," तो म्हणाला.

मला वाटलं, हा एखादा नवा शेअर असावा. मी विचारलं, "सध्या काय भाव चाललाय?"

मग त्याने मला समजावून सांगितलं. माणूस उपाशी राहिला की त्याच्या रक्तात कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात. ते अंगात आले की चरबी जळते, डोकं तल्लख होतं, अंगात घोड्याचं बळ येतं. आता हेच कीटोन पावडरीच्या रूपात डब्यात मिळतात. म्हणजे उपास न करता उपासाचं फळ! हे वाक्य ऐकलं आणि मी विरघळलो. ज्या समाजाने 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण काढली आणि साबुदाण्याच्या खिचडीला पुण्याईच्या खात्यात जमा करून दाखवलं, त्या समाजाचा मी एक निष्ठावंत घटक आहे.

डबा आला. त्यावर एका तरुणाचं चित्र होतं. त्याच्या पोटावर सहा कप्पे होते. आमच्या लॉकररूममध्येसुद्धा इतके नीट आखलेले कप्पे नाहीत. पावडरीची चव मात्र खारट-कडू. समुद्राच्या पाण्यात कडुनिंबाची पानं उकळावीत, तशी. आमची ही म्हणाली, "कडू आहे ना, मग गुण येईल." औषधाची पारख करण्याची तिची ही पद्धत वंशपरंपरागत आहे.

आठ दिवस झाले आणि भाऊबीजेला अक्का आली.

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. वयाच्या अकराव्या वर्षापासून तिला मधुमेह आहे, तोही इन्शुलिनशिवाय एक दिवस न चालणारा. ओवाळणी झाली, पाटाखालची नोट तिने पर्समध्ये टाकली आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "अक्का, तुझ्या यंत्रावर जरा माझे कीटोन बघ गं." तिच्या साखर मोजायच्या यंत्रात वेगळी पट्टी घातली की कीटोनही कळतात. तिने बोटाला टोचलं. आकडा आला ०.२. मग मी पेलाभर पावडर प्यायलो आणि तासाभराने पुन्हा बोट पुढे केलं. ०.६! मी बंड्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

अक्का हसली नाही. तिने डबा उचलला, त्यावरची अक्षरं चष्मा लावून वाचली आणि म्हणाली, "मी ज्याने मरत होते, ते तू पैसे देऊन आणलंस?"

मग मला ती रात्र आठवली. मी आठ वर्षांचा होतो. अक्का आठवडाभर घागरीने पाणी पीत होती आणि दिवसेंदिवस वाळत होती. त्या रात्री ती धापा टाकायला लागली आणि खोलीभर पिकून उतरलेल्या फळांसारखा वास सुटला. आई घरात नसलेले पेरू शोधत होती. वास अक्काच्या श्वासाला होता. बाबांनी तिला उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात तिला इन्शुलिन मिळालं आणि अक्का परत आली. तो वास कीटोनचा होता, हे मला चाळीस वर्षांनी भाऊबीजेच्या दिवशी कळलं.

मी बी. कॉम. सायन्सचा आणि माझा संबंध दहावीला परस्परसंमतीने तुटला. पण कारकुनाला एक विद्या येते. एखादी नोंद संशयास्पद वाटली, की जुनी लेजरं काढून ती मुळापर्यंत न्यायची. ज्या मालाने अक्काचा जीव जात होता, तोच माल आज सुंदर डब्यात भरून कसा विकला जातो? मी या खात्याची पानं मागे उलटायला सुरुवात केली.

पहिली नोंद १८५७ सालची. आपल्याकडे बंडाची धामधूम चालू होती, तेव्हा तिकडे प्रागमध्ये विल्हेल्म पेटर्स नावाच्या डॉक्टरला मधुमेही रोग्याच्या लघवीत अ‍ॅसिटोन सापडलं. अ‍ॅसिटोन म्हणजे नखांचा रंग पुसायला लागतं ते. त्याची दोन भावंडंही पुढच्या काही दशकांत त्याच वाटेने सापडली. या तिघांचं मिळून कीटोन हे कुटुंब. १८७४ साली कुसमाऊल या जर्मन डॉक्टरने बेशुद्धीकडे चाललेल्या मधुमेह्यांची ती खोल, धापेची श्वसनक्रिया लिहून ठेवली. आमच्या खोलीत मी जी पाहिली, तीच. थोडक्यात, जन्मापासून हे कुटुंब पोलिसांच्या यादीतलं. जिथे ते दिसेल तिथे मरण जवळ आलंय, असं डॉक्टर समजत.

मग १९२१ साल उजाडलं. या एका वर्षात दोन उलट्या गोष्टी घडल्या. कॅनडात टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांना इन्शुलिन हाती लागलं. पुढच्याच जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचलं. पहिल्या वेळी फारसं जमलं नाही, पण दुसऱ्या शुद्ध औषधाने त्याची साखर उतरली आणि लघवीतले कीटोन नाहीसे झाले. तो पोरगा आणखी तेरा वर्षं जगला. आमच्या अक्काचा हा थोरला गुरुबंधूच म्हणायचा.

आणि त्याच १९२१ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर म्हणत होते, की मुद्दाम कीटोन वाढवा! उपाशी ठेवलं की फेफऱ्याचे झटके कमी होतात, हे जुनं निरीक्षण होतं. पण लेकरांना कायम उपाशी कसं ठेवणार? म्हणून त्यांनी भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिठूळ असा आहार सुचवला. त्याने शरीराला उपासच चालू आहे असं वाटतं. १९३८ साली फेनिटॉइन हे औषध आलं आणि हा आहार मागे पडला. १९९० नंतर तो पुन्हा वर आला. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांना तो आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात.

आपल्या देशाच्या इतिहासातही या कुटुंबाची नोंद आहे. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींनी दिल्लीत अखेरचा उपवास केला, तेव्हा त्यांच्या लघवीत अ‍ॅसिटोन दिसू लागलं आणि डॉक्टर काळजीत पडले. त्या उपवासात साबुदाणा नव्हता, हे सांगायला नकोच.

या खात्याचा खरा ताळेबंद लागला १९६७ साली, बोस्टनला. तोवर समज असा, की मेंदू फक्त साखरेवर चालतो. डॉ. जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्या तीन लठ्ठ माणसांच्या मेंदूत काय जातं आणि काय बाहेर येतं ते मोजलं. तेव्हा दिसलं, की मेंदूचा बहुतेक खर्च कीटोन भागवत होते. ते नसते तर शरीराने साखरेसाठी स्वतःचेच स्नायू मोडून खाल्ले असते. म्हणजे ज्याला शंभर वर्षं दरोडेखोर समजत होते, तो दुष्काळातला सावकार निघाला. दुष्काळात आपले पूर्वज तगले, त्यात याचा मोठा वाटा.

इथे माझी ट्यूब पेटली, कारण हा सगळा व्यवहार बँकेचाच आहे. रोजची साखर हे चालू खातं. ते दिवसभरात रिकामं होतं. पोटावरची चरबी ही मुदत ठेव. (माझी ठेव चांगली भरभक्कम आहे.) इन्शुलिन हा मॅनेजर. तो जागेवर असेतो ठेव मोडू देत नाही. उपासात तो नियम जरा सैल करतो, मग यकृत नावाचा कारकून ठेव मोडून कीटोनच्या सुट्या नोटा काउंटरवर देतो, लागतील तेवढ्याच. अक्काच्या बाबतीत मॅनेजर नोकरीच सोडून गेला होता. तिजोरी सताड उघडी, नोटांचा पूर, आणि त्या पुरात शाखाच बुडायची वेळ आलेली. उपासात आणि आजारात नोटा त्याच. फरक मॅनेजर हजर असण्या-नसण्याचा.

मग पावडर म्हणजे काय? तर ठेव न मोडता बाहेरून आणलेल्या नोटा! पासबुकात नोंद झाली, पण ठेवीतून पैसा हललाच नाही. उलट बाहेरून कीटोन आले, की शरीर म्हणतं, "आता ठेव कशाला मोडायची?" आणि चरबी सुटण्याचं काम मंदावतं. शिवाय पावडरीतल्या कीटोनला स्वतःचे उष्मांक असतातच. कीटोन हा चरबी जळाल्याचा पुरावा असतो. पुरावा विकत आणला म्हणून घटना घडत नाही. सहीचा शिक्का बाजारात करून मिळतो म्हणून कर्ज फिटत नाही, हे मी काउंटरवर रोज सांगतो आणि स्वतःच फसलो!

"पण काका, सायकलपटू घेतात," बंड्या म्हणाला. तेही पान उलटलं. अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशातून, सैनिकांसाठी म्हणून, ऑक्सफर्डच्या किरन क्लार्क आणि अमेरिकेचे रिचर्ड वीच यांनी कीटोनचं एक पेय तयार केलं. २०१६ च्या त्यांच्या प्रयोगात तयारीचे सायकलपटू अर्ध्या तासात सुमारे चारशे मीटर जास्त गेले, म्हणजे दोन टक्के. २०१७ साली ऑस्ट्रेलियात दुसऱ्या जातीचं कीटोन पेय देऊन पाहिलं, तर व्यावसायिक सायकलपटूंची पोटं बिघडली आणि ते दोन टक्के मागे पडले. अधिक दोन, उणे दोन, शिल्लक शून्य. २०२५ साली तर सायकलिंगच्या जागतिक संघटनेनेच जाहीर केलं, की फायद्याचा ठोस पुरावा नाही, तेव्हा आम्ही शिफारस करत नाही. आणि मी सायकल शेवटची चालवली ती कॉलेजात, तीही उतारावर.

अन्याय नको म्हणून जमेची बाजूही लिहितो. असल्या पेयांनी काही तास भूक थोडी मंदावते, आणि हृदयाच्या व मेंदूच्या काही आजारांत त्यांचा उपयोग होईल का, हे डॉक्टर तपासत आहेत. उद्या त्यातून काही चांगलं निघालं, तर आनंदच आहे. पण ते काम दवाखान्याचं. आमच्या डब्यात तर कीटोनबरोबर भरपूर सोडियम होतं, आणि मी ब्लडप्रेशरची गोळी घेणारा माणूस! आठ दिवस मी सकाळी गोळी आणि दुपारी तिची उतारी घेत होतो.

संध्याकाळी अक्का निघाली. जेवणाआधी तिने नेहमीप्रमाणे कोपऱ्यात जाऊन सुई टोचून घेतली होती. चाळीस वर्षं, दिवसातून तीन-चार वेळा, एकही दिवस सुट्टी नाही. आमच्या युनियनने असली नोकरी एक दिवससुद्धा चालू दिली नसती. दारात ती म्हणाली, "पोट कमी करायचं तर रात्रीचा भात सोड. त्याला पैसे पडत नाहीत." तोच सल्ला आमची ही लग्नापासून देते आहे. पण तो फुकट असल्यामुळे मी कधी मनावर घेतला नव्हता.

डबा मात्र चांगला होता. घट्ट झाकणाचा, मुंगी न शिरणारा. हिने पावडर मोरीत ओतली, डबा धुऊन उन्हात वाळवला आणि कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी त्यात साबुदाणा भरून ठेवला.