जुम्मा दरवाजा (गांधी द्वार), नागपूर

नागपूरच्या महाल भागातील जुन्या शहरकोटाचा दगडी दरवाजा. शुक्रवार दरवाजा, गांधी गेट या नावांनीही तो ओळखला जातो. जवळच्या जुम्मा तलावाचेही याच रीतीने पुढे गांधीसागर झाले.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास नागपूर वसवले. त्याचा वारस चांद सुलतान याने राजधानी येथे आणून गावाला तट घातला. दरवाजाचा संबंध याच तटाशी जोडला जातो. अठराव्या शतकाच्या मध्यास शहर रघूजी भोसले यांच्याकडे गेले आणि भोसल्यांचा वाडा असलेला महाल हा राज्यकारभाराचा गाभा ठरला.

दरवाजाचे खरे महत्त्व त्याच्या घडणीपेक्षा 1817 च्या लढाईत आहे. इंग्रज आणि भोसले यांच्यातील सीताबर्डीच्या लढाईनंतर (26-27 नोव्हेंबर) इंग्रजांच्या जनरल डव्हटन याची फौज नागपुरात दाखल झाली. 16 डिसेंबरला नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले इंग्रज रेसिडेंटच्या स्वाधीन झाले. त्याच दिवशी झालेल्या लढाईत त्यांच्या सैन्याचा मोड झाला. तरीही पदरच्या अरब शिपायांनी वाडा आणि भोवतालची वस्ती सोडली नाही. इंग्रजांनी तोफा लावून जुम्मा दरवाजापाशी खिंडार पाडले. 24 डिसेंबरला तेथून केलेला हल्ला मात्र अरबांनी परतवून लावला. अखेर बोलणी झाली. 30 डिसेंबरला अरब आपली हत्यारे आणि कुटुंबकबिला घेऊन शहराबाहेर पडले. सीताबर्डीची टेकडी सर्वांना ठाऊक असते. इंग्रजांना माघार घ्यायला लावणारा हा दरवाजा सहसा आठवत नाही.

शहर वाढत गेले तसा कोट नाहीसा झाला. बुरूज आणि कमानीसह दरवाजा तेवढा राहिला.

नागपूरच्या वारसा यादीत त्याची नोंद आहे. राज्यातील अशा याद्यांची रचना मुंबईच्या 1995 च्या वारसा नियमावलीच्या धर्तीवर, तीन श्रेणींत केलेली असते. पहिल्या श्रेणीतील वास्तूत जवळजवळ कोणताच बदल चालत नाही, खालच्या श्रेण्यांत तो मर्यादेत करता येतो. पहिल्या श्रेणीतील बदलासाठी वारसा समितीचे मत घ्यावे लागते. एकट्या उरलेल्या दरवाजाला एवढे संरक्षण पुरत नाही. दगड शाबूत राहिले तरी फलक, तारा आणि वाहनांच्या गर्दीत कमान झाकली जाते.

दरवाजाजवळ छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा असून शिवजयंतीला तेथे मोठा उत्सव होतो.