सायकलचोरी आणि सायकलचे कुलूप (हैदराबाद)

सायकलचोरी : उभी करून ठेवलेली सायकल, किंवा तिचे चाक, सीट, दिवा असा एखादा सुटा भाग मालकाच्या संमतीवाचून नेणे. सायकलसाठी कायद्यात वेगळे कलम नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली ही सहसा साधी चोरीच ठरते.

स्कूटरच्या चोरीपेक्षा सायकलची चोरी पचायला सोपी, कारण सायकलला कागदपत्रेच नसतात. १९८८ चा मोटार वाहन कायदा पायडल मारून चालणाऱ्या सायकलला लागू होत नाही. त्यामुळे नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही, आरसी बुक नाही. पूर्वी पुण्यासारख्या शहरांत नगरपालिका सायकलवर कर घेई आणि बिल्ला देई. ती पद्धत बंद पडली. जपानमध्ये १९९४ पासून सायकलची नोंदणी कायद्यानेच बंधनकारक आहे. भारतात मालकाच्या हाती उरतात दोनच पुरावे : खरेदीची पावती आणि चौकटीवर ठोकलेला क्रमांक. सायकल उलटी केली की पायडलांचा कणा ज्या नळीतून जातो तिच्या बुडाशी बहुधा हा क्रमांक सापडतो.

हैदराबादमधील स्वरूप : शहरात सायकलींची दोन जगे आहेत. एक वसतिगृहांचे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद विद्यापीठाचे गच्चीबावलीचे आवार दोन हजार एकरांहून मोठे आहे. खोलीपासून वर्गापर्यंतचे अंतर कापायला तिथे साधी सायकल कामी येते. दुसरे जग हौशी सायकलस्वारांचे. बाह्यवळण रस्त्यालगत १ ऑक्टोबर २०२३ रोजी सौर छताखालचा २३ किलोमीटरचा सायकलमार्ग खुला झाला. तिथे भल्या पहाटे धावणाऱ्या गिअरच्या सायकलींपैकी काहींची किंमत नव्या स्कूटरच्या तोडीची असते.

साधी असो की महागडी, सायकलीचा बहुतेक वेळ उभे राहण्यातच जातो : वसतिगृहाच्या व्हरांड्यात, मेट्रो स्थानकाखाली किंवा अपार्टमेंटच्या सेलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या पार्किंगमध्ये. वॉचमन फाटकाशी असतो, सायकल आत कोपऱ्यात. आणि तिचे कुलूप अनेकदा फक्त तिच्याच चाकाला लावलेले.

कुलपांचे प्रकार : (१) मागच्या चाकाचे गोल कुलूप. ते चाक फिरू देत नाही, पण सायकल उचलू देते. दुकानातून दोन मिनिटांत बाहेर यायचे असेल तर पुरेसे, रात्रभरासाठी निरुपयोगी. पुण्यात २०१७-१८ मध्ये आलेल्या भाड्याच्या ॲपवरील सायकलींना याच जातीचे कुलूप होते. त्या कशालाच बांधलेल्या नसत, आणि त्यांची चोरी व मोडतोड झाल्याच्या तक्रारी लवकरच आल्या.

(२) आकड्यांची वायर. हलकी, स्वस्त, रंगीत आणि सर्वांत फसवी. वरच्या प्लास्टिकमुळे ती जाड दिसते. आत बारीक तारांचा पीळ असतो, तो साध्या कटरने तुटतो. पुढचे चाक किंवा सीट अडकवायला जोडकुलूप म्हणूनच ती ठीक.

(३) साखळी आणि टाळे. कडी कठीण पोलादाची हवी, शक्यतो चौकोनी छेदाची. साखळी भक्कम आणि टाळे किरकोळ असेल तर चोर साखळीला हातही लावत नाही.

(४) यू-कुलूप. कठीण पोलादाची वाकवलेली दांडी आणि आडवा पट्टा. दांडी १६ मिलिमीटर जाड असली की हाताने चालवायचा बोल्ट कटर तिच्यापुढे हरतो. विजेच्या ग्राइंडरपुढे मात्र बहुतेक कुलपे केवळ वेळ खातात. आवाज आणि ठिणग्या यांनी चोराकडे लक्ष वेधले जावे, एवढीच तिथे अपेक्षा.

(५) घडीचे कुलूप. पट्ट्या खिळ्यांनी जोडलेल्या असतात. नेण्याला सोयीचे, पण त्याची ताकद सांध्यांवर ठरते.

किंमत म्हणजे हमी नव्हे. गोल नळीसारख्या किल्लीची नामांकित क्रिप्टोनाइट कुलपे बॉलपेनच्या पोकळ नळीने उघडतात, हे २००४ मध्ये अमेरिकेत उघड झाले आणि कंपनीला लाखो कुलपे बदलून द्यावी लागली. म्हणून तटस्थ चाचणीचा शिक्का पाहावा. ब्रिटनमधील ‘सोल्ड सिक्युअर’ ही संस्था १९९२ मध्ये पोलिसांच्या पुढाकाराने सुरू झाली. ती कुलपे फोडून पाहते आणि कांस्य, रौप्य, सुवर्ण, हिरा अशा श्रेणी देते.

निवड : कुलपाआधी जागा पाहावी. सेलरचे काँक्रीटचे खांब किंवा मेट्रोचे खांब यू-कुलपाच्या कवेत मावत नाहीत. महाग कुलूप आणून ते पुन्हा चाकालाच लावण्याची वेळ येते. खांब जाड असेल तर लांब साखळी घ्यावी, किंवा सोसायटीची परवानगी काढून भिंतीत वा जमिनीत लोखंडी कडी गाडून घ्यावी. जिना किंवा रेलिंगचा गज हाताशी असेल तर यू-कुलूप उत्तम. चौकट आणि मागचे चाक दोन्ही कुलपात यावीत. चौकट सोडून फक्त पुढचे चाक बांधले तर सकाळी चाकच शिल्लक राहते, विशेषतः खटका ओढून निघणारे असेल तर. दांडीच्या आत मोकळी जागा जितकी कमी, तितका जॅक किंवा पहार घालायला वाव कमी. किल्लीचे भोक खाली वळवावे. पावसाचे पाणी आणि धूळ आत कमी जाते. कुलूप जड फिरू लागले तर खाद्यतेल न घालता ग्राफाइटची पूड घालावी.

चोरीनंतर : चोरलेल्या वस्तूची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल तर गुन्हा अदखलपात्र मानला जातो, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने अशी वस्तू वा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे विद्यार्थ्याची जुनी सायकल कायद्याच्या उंबरठ्यावरच अडखळते, आणि किंमत दाखवणारी पावती इथे निर्णायक ठरते. दखलपात्र चोरीची तक्रार हद्दीचा प्रश्न न येता कोणत्याही ठाण्यात देता येते. संयुक्त आंध्र प्रदेशातील २०१३ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याने गर्दीच्या आस्थापनांना सीसीटीव्ही लावणे आणि चित्रण ३० दिवस जपणे बंधनकारक केले. ते मिळवायचे तर तक्रारीला उशीर परवडत नाही.

जुनी सायकल विकत घेणाऱ्यानेही पावती मागावी आणि चौकटीवरचा क्रमांक तिच्याशी ताडून पाहावा. क्रमांक घासलेला असेल तर व्यवहार सोडून द्यावा. चोरीचा माल असल्याचे जाणून तो घेतल्यास कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.