कारखान्यातील विधी अधिकारी : बारामती व इंदापूर

विधी अधिकारी म्हणजे साखर कारखाना, दूधप्रक्रिया प्रकल्प किंवा औद्योगिक वसाहतीतली कंपनी यांनी पगारावर ठेवलेला कायद्याचा जाणकार. बोलण्यात तो ‘लॉ ऑफिसर’. करार तपासणे, नोटिशींना उत्तरे देणे, कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाला कागद पुरवणे आणि परवान्यांच्या मुदती सांभाळणे हे त्याचे रोजचे काम. पुणे जिल्ह्यातल्या या दोन तालुक्यांत त्याची सगळी धावपळ गळीत हंगामाच्या वेळापत्रकाला बांधलेली असते.

बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर हे सहकारी साखर कारखाने आहेत. इंदापुरात भवानीनगरचा श्री छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी शंकररावजी पाटील आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा हे सहकारी, तर शेटफळगढ्याचा बारामती ॲग्रो खासगी. सहकारी कारखान्यात ऊस घालणारा शेतकरीच सभासद असतो, संचालक मंडळाचा मतदारही तोच असतो आणि वेळ आली तर वादीही तोच. त्याची तक्रार उसाच्या दराची असेल तर ती साखर आयुक्तांकडे जाते. सभासदत्वाची किंवा सभेतल्या ठरावाची असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या वाटेने जाते. एकाच माणसाचे दोन अर्ज दोन दारांत असतात आणि उत्तरे मात्र एकाच टेबलावरून द्यावी लागतात.

या अधिकाऱ्याची स्वतःची कायदेशीर स्थिती नाजूक आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. नोकरी धरली की सनद स्थगित करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2025 च्या निकालात यापुढचे पाऊल टाकले. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 खाली वकिलाला मिळणारे गोपनीयतेचे संरक्षण पगारी विधी अधिकाऱ्याला नाही, असे न्यायालयाने सांगितले. मालकाच्या कायदा सल्लागाराशी त्याने केलेल्या गोपनीय व्यवहाराला कलम 134 चा मर्यादित आधार आहे, पण मालक आणि तो यांच्यातल्या संभाषणाला नाही. ‘हे बिल थकवले तर काय होईल?’ असे कार्यकारी संचालकांनी व्हॉट्सॲपवर विचारले आणि त्याने उत्तर दिले, तर ते उत्तर उद्या चौकशीत पुढे येऊ शकते. म्हणून जोखमीच्या प्रश्नावर बाहेरच्या वकिलाचा लेखी अभिप्राय वेळेत घेणे हे खर्चाचे नसून शहाणपणाचे काम आहे.

सगळ्यात मोठा विषय एफआरपीचा, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दराचा. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 सांगतो की ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर वार्षिक 15 टक्के व्याज लागते. उदाहरणादाखल एखाद्या कारखान्याने हंगामात 10 लाख टन ऊस गाळला आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला 3,000 रुपये दर बसला, तर देणे 300 कोटींचे होते. ते सगळे महिनाभर लांबले तर नुसते व्याज सुमारे 3 कोटी 70 लाख. थकबाकी वाढली की साखर आयुक्त महसुली वसुलीचा दाखला काढतात, म्हणजे शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली सुरू होते आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला गोदामातली साखरसुद्धा जप्त करता येते. पुढच्या हंगामाचा गाळप परवानाही याच थकबाकीपाशी अडतो.

14 दिवसांच्या या नियमाला राज्य सरकारने मध्येच वळण दिले होते. 21 फेब्रुवारी 2022 च्या शासन निर्णयाने एफआरपीचे दोन हप्ते केले. पहिला हप्ता पुणे विभागात 10 टक्के उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) धरून द्यायचा आणि उरलेला हंगामाचा खरा उतारा कळल्यावर. शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि 17 मार्च 2025 रोजी न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. केंद्राच्या आदेशात ठरलेली रीत राज्याला अशी बदलता येत नाही, हा त्यातला गाभा. शासन निर्णयावर विसंबून हिशेब मांडणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या विधी विभागाला जुने कागद पुन्हा उघडावे लागतील, असाच हा निकाल आहे. वरचा आदेश कोणत्या कायद्यावर उभा आहे, हे अंमल करण्याआधी पाहणे विधी अधिकाऱ्याचेच काम. त्याचा लेखी इशारा संचालक मंडळाच्या इतिवृत्तात यायला हवा.

तोडणी-वाहतुकीचे करार हा दुसरा कायमचा व्याप. मुकादम टोळीसाठी उचल घेतो, करारावर सही करतो, धनादेश देतो. दिवाळीनंतर टोळी आलीच नाही की प्रकरण कायद्याकडे येते. धनादेश न वटल्याचे बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत नोटीस, पैसे भरायला 15 दिवस, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. यातली एक तारीख चुकली तरी परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 ची फिर्याद अडचणीत येते. 2015 च्या दुरुस्तीनंतर धनादेश ज्याच्या खात्यात भरला त्याच्या बँक शाखेच्या हद्दीतले न्यायालय धरले जाते. त्यामुळे मुकादम बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा असला तरी त्याला तारखेला बारामतीला किंवा इंदापूरला यावे लागते.

या करारांत एक गोष्ट झाकली जाते. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी, पण करारावर सही एकट्या मुकादमाची. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा ठेकेदारामार्फत आलेल्या बाईलाही ‘कर्मचारी’ मानतो. कारखान्याच्या अंतर्गत समितीचा कागद प्रवेशद्वाराशी लावलेला असतो, मात्र फडातल्या पालावर राहणाऱ्या बाईपर्यंत त्या समितीचे नाव पोचायला हवे. उचलीपायी माणसाला कामावर अडकवून ठेवले, तर 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदाही लागू होऊ शकतो. वसुलीचे दावे नेटाने चालवणाऱ्या विधी विभागाने या दोन कायद्यांकडेही तेवढ्याच नेटाने पाहावे.

पर्यावरणाच्या बाबतीत सप्टेंबर 2023 ची घटना महत्त्वाची आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने बारामती ॲग्रोला तिच्या प्रकल्पाचे भाग 72 तासांत बंद करण्याचा आदेश दिला. कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. विधी अधिकाऱ्याने त्यातून उचलायचा धडा वेळेचा आहे. इतक्या कमी तासांत न्यायालयात उभे राहायचे तर संमतिपत्रे, तपासणी अहवाल आणि सांडपाण्याच्या नोंदी आधीच लावून ठेवलेल्या असाव्या लागतात.

कारखान्याच्या आसवनीचे (डिस्टिलरीचे) कायदे तर हंगामाच्या मध्यावर बदलतात. 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, सुमारे आठवड्याभरात ती सैल केली आणि ऑगस्ट 2024 मध्ये उठवली. 23 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने औद्योगिक मद्यार्कावर नियमनाचा अधिकार राज्यांना असल्याचे ठरवले. एकाच टाकीसाठी दिल्ली आणि मुंबई या दोन्हीकडचे नियम आता पाहावे लागतात.

खासगी कंपन्यांत प्रश्नांचा पोत निराळा. इंदापूर तालुक्यातली वालचंदनगर इंडस्ट्रीज शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असल्याने संचालक मंडळाचे महत्त्वाचे निर्णय बैठक संपल्यावर 30 मिनिटांत (बाजार बंद झाल्यावर संपली तर सहसा 3 तासांत) बाजाराला कळवावे लागतात. वालचंदनगर परिसराला कमाल जमीन धारणा कायदा, 1961 चाही इतिहास आहे. तिथल्या तेव्हाच्या साखर कारखान्याकडची मोठी शेती त्या कायद्याने शेती महामंडळाकडे गेली आणि खंडकऱ्यांचे, म्हणजे खंडाने जमीन दिलेल्या शेतकऱ्यांचे, दावे पुढे कित्येक वर्षे चालले. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ आणि फेरेरो या मूळच्या इटालियन कंपन्या आणि श्रायबर डायनामिक्स आहेत. इटलीच्या 2001 च्या 231 क्रमांकाच्या कायद्याने कर्मचाऱ्याने दिलेल्या लाचेसाठी कंपनीही दोषी ठरू शकते, म्हणून इटालियन समूह आपली आचारसंहिता परदेशातल्या कारखान्यांपर्यंत नेतात. भारतातही 2018 च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कंपनीची जबाबदारी आली. लघुउद्योगांची बिले 45 दिवसांत देण्याचे बंधन आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या चार कामगार संहिता सगळ्यांनाच सारख्या.

पुढचे मोठे काम माहितीचे. ऊस नोंदीसाठी कारखाने शेतकऱ्याचा आधार क्रमांक, बँक खाते, सातबारा आणि मोबाइल घेतात. गट ऑफिसातल्या रजिस्टरांची जागा ॲपने घेतली आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार आहेत. दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. संगणकातली सभासद यादी निवडणुकीच्या प्रचारासाठी कोणी मागितली तर ती द्यायची की नाही, याचे उत्तर मे 2027 च्या आत प्रत्येक विधी विभागाला लिहून ठेवावे लागेल.