पेशींतील रहाटगाडगें

रात्रीं खाल्लेली भाकरीच सकाळीं जिना चढण्याचें बळ देते, ही गोष्ट इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं, तींत कांहीं कोडें आहे असें आपणांस वाटतहि नाहीं. चुलींतील लांकूड जळतें तेव्हां ज्वाळा दिसते. मग शरीरांत अन्न जळतें म्हणतात, ती ज्वाळा कोठें असते? या साध्या प्रश्नाचा उलगडा होण्यास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला.

प्रारंभ पॅरिसमध्यें झाला. १७८२-८३ च्या हिवाळ्यांत लाव्हाझिए व लाप्लास यांनीं बर्फानें वेढलेल्या पात्रांत एक गिनीपिग ठेवून त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळला तें मोजलें, व कोळसा जाळून त्याच्याशीं तुलना केली. आंकडे बऱ्याच अंशीं जुळले. श्वसन म्हणजे मंद ज्वलनच, हा सिद्धांत त्यांतून निघाला. १७९४ मध्यें क्रांतीच्या धुमाळींत लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला. प्रश्न मात्र मागें राहिला.

पुढें पाश्चर यांनीं सजीव यीस्टवांचून साखरेचें मद्य होत नाहीं असें प्रतिपादिलें, आणि गूढ प्राणशक्तीच्या कल्पनेस त्यामुळें बळ आलें. १८९७ सालीं एडुआर्ट बुखनर यांनीं वाळूबरोबर यीस्ट घोटून काढलेल्या रसाचा प्रयोग प्रसिद्ध केला. रस टिकावा म्हणून त्यांत साखर घातली, तों बुडबुडे येऊं लागले! पेशी मेल्या, तरी तिच्यांतील एन्झाइम नांवाचीं द्रव्यें आपलें काम करीतच होतीं.

अन्नांतून सुटलेली शक्ति पेशी ज्या नाण्यांत सांठविते, तें एटीपी १९२९ सालीं हाती लागलें: जर्मनींत कार्ल लोहमान यांना, आणि स्वतंत्रपणें अमेरिकेंत सायरस फिस्के व आपले आंध्र देशीय यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना.

आतां मधला मार्ग शोधावयाचा होता. हान्स क्रेब्स हे फ्रायबुर्ग येथें काम करीत. ज्यू म्हणून १९३३ मध्यें नाझी राजवटींत त्यांना पदावरून दूर करण्यांत आलें, व ते इंग्लंडास गेले. शेफील्ड येथें कबुतराच्या छातीचा स्नायु बारीक करून त्याचें श्वसन ते मोजीत. त्यांत किंचित् सायट्रिक आम्ल घातलें असतां, तें आम्ल स्वतः जळून जेवढा प्राणवायु लागेल त्याहून कितीतरी अधिक प्राणवायु खर्च होई. म्हणजे आम्ल संपत नव्हतें. फिरून तयार होत होतें. विहिरीवरील रहाटगाडगेंच तें! दोन कार्बन-अणूंचा तुकडा चार कार्बनांच्या आम्लास जुळतो, सहांचें सायट्रिक आम्ल होतें. वाटेंत दोन कार्बन वायुरूपानें निघून जातात, आणि चारांचें आम्ल नव्या तुकड्यासाठीं पुन्हा हजर होतें.

१९३७ च्या जूनमध्यें ‘नेचर’ नियतकालिकानें हें पत्र जागेअभावीं परत केलें. तें हॉलंडमधील एका नियतकालिकांत छापलें गेलें. १९५३ मध्यें याच शोधासाठीं क्रेब्स यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

या चक्रांत सुटलेला हायड्रोजन टप्प्याटप्प्यानें प्राणवायूस जाऊन मिळतो, व बहुतेक एटीपी तेथेंच घडतें. त्याची युक्ति पीटर मिचेल यांनीं १९६१ मध्यें मांडली. तेव्हां आपल्या शरीरांत ज्वाळा कां दिसत नाहीं? मोहोर एकदम उधळण्याऐवजीं पेशी ती मोडून सुटे पैसे करते, आणि एकेक पैसा कामास लावते, म्हणून.