ठोक्याची वंशावळ

साध्या यंत्रमागावर एका आडव्या धाग्यामागे दोन ठोके पडतात. काठीच्या हिसड्याने पिकर नावाचा ठोकळा धोट्याच्या पोलादी टोकावर आदळतो. पोटात धाग्याची कांडी घेतलेला धोटा ताण्यामधून सुसाटत पलीकडच्या पेटीत धडकतो. लगेच फणी पुढे येऊन धागा ठोकून बसवते. मग हेच उलट दिशेने, मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा. मालेगावच्या गल्ल्यांत पत्र्याखाली असे हजारो माग एकदम चालतात. शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा कुठे गावातलं बोलणं धड ऐकू येतं.

1857 नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर मोसम नदीकाठच्या या गावात आले, तेव्हा हा दणदणाट नव्हता. जुन्या हातमागावर धोटा हातानेच सरकवायचा. हात पोचेल तेवढाच कापडाचा पन्हा. ठोक्याचं मूळ लँकेशायरमध्ये आहे. 1733 मध्ये जॉन के याने मागाच्या दोन्ही टोकांना पेट्या बसवल्या आणि दोरीच्या हिसक्याने धोटा उडवला. पन्हा वाढला, वेग वाढला, पोटावर पाय येईल म्हणून विणकर बिथरले आणि के फ्रान्सला गेला. 1785 मध्ये एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचं पेटंट घेतलं. हा गृहस्थ पेशाने पाद्री! हिसका आता यंत्र देऊ लागलं.

मालेगावात यंत्रमाग विसाव्या शतकात आले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही भिवंडी-मालेगावसारख्या गावांत पुन्हा उभे राहिले. मोठ्या गिरणीचा आवाज असा राहत्या वस्तीत, भिंतीला भिंत लागून आला.

व्यापारी कापड बघताना इंचाला पिक किती, म्हणजे आडवे धागे किती, ते विचारतो. ठोके असे भावात धरले जातात; कान धरले जात नाहीत. कारखान्यात आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा 90 डेसिबल आहे, आणि साध्या मागांची शेड ती सहज ओलांडते. लँकेशायरच्या विणकरणी तर ओठांच्या हालचालीवरूनच एकमेकींशी बोलत.

रेपियर आणि एअरजेट मागांवर धोटाच नसतो, म्हणून त्याची धडकही नाही. फणीचा ठोका तेवढा राहतो. पण त्यांची किंमत चार-आठ मागांच्या मालकाला झेपत नाही. कोणतं कापड कशावर विणलंय ते काठावरून कळतं: धोट्याचा धागा वळून परत येतो, म्हणून काठ बंद असतो, नव्या मागावर तो दर फेरीला कापला जातो आणि कडेला दशा सुटतात.