आधी पाणी, मग कथील

मंडळी, कल्हईवाला आठवतोय का? भाता, निखारे, नवसागराचा धूर आणि आतून चांदीसारखं चकाकणारं पातेलं! ती कल्हई म्हणजे कथील. कल्हईवाले आता दुर्मिळ झाले, पण कथील काही आपल्या आयुष्यातून गेलेलं नाही. मोबाईल असो की संगणक, आतले सांधे ज्या सोल्डरने जोडतात त्यातला मुख्य धातू कथीलच.

ब्रिटनमध्ये हा धातू मुख्यतः निघायचा कॉर्नवॉलमध्ये. नकाशात इंग्लंडचा नैर्ऋत्येला समुद्रात गेलेला पाय दिसतो ना, तो भाग. माझं संशोधन खाणींतून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर आहे, त्यामुळे या भागाशी माझं नातं अक्षरशः पोटापाण्याचं!

इथे कथील काढण्याचा इतिहास पार ब्राँझयुगापर्यंत जातो. पण खोल जायचं तर शत्रू एकच, पाणी. ते उपसायला जेम्स वॉटची इंजिनं इथे आली. पुढे इथल्याच रिचर्ड ट्रेव्हिथिकने उच्च दाबाच्या वाफेवर काम केलं आणि १८०१ साली नाताळच्या आदल्या दिवशी कॅम्बोर्न गावात वाफेची गाडी चालवून दाखवली. म्हणजे आगगाडीचं मूळ शोधत गेलात तर बरंचसं या खाणींच्या पाण्यात सापडेल.

१९ व्या शतकात तांब्याचे आणि कथिलाचे भाव पडले तेव्हा इथले खाणकामगार जगभर पांगले. आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीही १८८० च्या दशकापासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने चालवल्या, आणि तिथे कॉर्नवॉलचे लोक मोठ्या संख्येने गेले. परदेशी नोकरीला जाणं हा काही फक्त आपलाच उद्योग नाही!

मोठा घाव बसला १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये. कथिलाचा भाव टिकवून धरणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेकडचे पैसे संपले आणि भाव कोसळला. व्हील जेन ही खाण १९९१ मध्ये बंद पडली. (व्हील म्हणजे कॉर्निश भाषेत खाण, चाक नव्हे.) पंप थांबले, पाणी चढत गेलं आणि जानेवारी १९९२ मध्ये कोट्यवधी लिटर आम्लयुक्त पाणी फुटून नदीत आणि तिथून खाडीत गेलं. खाडी नारिंगी झाली.

हे होतं कसं? खडकातल्या गंधकयुक्त खनिजांना खाणीमुळे हवा लागते. पंप बंद झाल्यावर पाणी चढतं, त्यात आम्ल तयार होतं आणि ते लोह, जस्त, आर्सेनिक विरघळवत वर येतं. व्हील जेनच्या पाण्यावर आजही सरकारी खर्चाने प्रक्रिया चालू आहे. खाण बंद होते, पाणी बंद होत नाही.

शेवटची खाण साउथ क्रॉफ्टी मार्च १९९८ मध्ये बंद झाली. तिच्या भिंतीवर कुणीतरी एका कॉर्निश गाण्याची ओळ रंगवली. मासे आणि कथील दोन्ही संपल्यावर इथल्या पोरांनी करायचं काय, असा त्या गाण्याचा प्रश्न. त्याला मिळालेलं उत्तर होतं पर्यटन. उन्हाळ्यात हॉटेलात काम, हिवाळ्यात घरी बसा, आणि घरांच्या किमती बाहेरून सुट्टीला येणाऱ्यांच्या ऐपतीप्रमाणे.

म्हणूनच ही खाण पुन्हा उघडायची म्हटल्यावर गावात विरोधापेक्षा उत्साह जास्त दिसतो. २०१६ मध्ये ती आजच्या कॉर्निश मेटल्स कंपनीकडे आली. २०२३ मध्ये पाणी शुद्ध करणारं केंद्र सुरू झालं आणि उपसा चालू झाला. २०२५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय संपत्ती निधीने २.८६ कोटी पौंड गुंतवायचं जाहीर केलं. ३०० हून अधिक थेट नोकऱ्या मिळतील असं कंपनी म्हणते.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. कथिलाचा खडा बाहेर येण्याआधी पाणी स्वच्छ करायला सुरुवात झाली. खाणीतून वर्षानुवर्षं तसंच रेड रिव्हरमध्ये जाणारं पाणी आता प्रक्रिया करून सोडतात. गावकऱ्यांना वचनापेक्षा नदी लवकर दिसते.

पण एक प्रश्न उरतोच. १९८५ चा भाव काही कॅम्बोर्नमध्ये ठरला नव्हता. उद्या तो पुन्हा पडला तर पंप कोण चालवणार? गावाचा पाठिंबा कितीही असला तरी विजेचं बिल त्यातून भरलं जात नाही. खाण बंद झाल्यानंतरच्या उपशाचे आणि शुद्धीकरणाचे पैसे खाण चालू असतानाच बाजूला ठेवायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर कोलारकडे बघा. तिथली खाण २००१ मध्ये बंद झाली. मागे उरले सायनाइडने सोनं काढून घेतलेल्या मातीचे डोंगर, ज्यांची धूळ वाऱ्याबरोबर वस्तीत येते. त्याच मातीतून उरलेलं सोनं काढायच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये संमती दिली. सोनं किती निघेल याची चर्चा पुष्कळ होईल. कोलारच्या लोकांनी मात्र आधी धुळीचा आणि पाण्याचा हिशोब मागावा. नोकऱ्यांचं बोलणं त्यानंतर.